वखारीतल्या आप्पांना जाहीर आभारपत्र

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, कारण चोपडा-यावलकडे घर बांधणाऱ्या आणखी चार जणांना ते उपयोगी पडेल. नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं आप्पा.

चौकटींसाठी साग घ्यायचा, तर माझ्यापुढे दोन भाव होते. वनखात्याच्या डेपोतल्या गोल सागाचा घनमीटरवर, तुमच्याकडच्या कापीव मालाचा घनफुटावर. एका घनमीटरात ३५.३१५ घनफूट, हे मोबाईलही सांगतो. तुम्ही मात्र विचारलंत, "पण भो, माप कशाचं धरलंय, गोलाचं का चौरसाचं?" आणि दारात गिऱ्हाईक उभं असताना माझ्यासाठी खडू हातात घेतलात.

१२० सेंटीमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा ओंडका. घेराचा चौथा हिस्सा ३०. मग ०.३ गुणिले ०.३ गुणिले ३, म्हणजे ०.२७ घनमीटर, साडेनऊ घनफूट. डेपोच्या कागदावर हेच माप येतं. नीट गोल धरून काढलं तर तोच ओंडका ०.३४४ घनमीटर भरतो, बारा घनफुटांच्या वर. शेकडा साडेएकवीसची ही सूट पाठीच्या (कडेच्या, सालीकडच्या) फळ्या आणि भुशापोटी. (१७३६ साली इंग्लंडात एडवर्ड हॉपसनं छापलेली कोष्टकं याच चौथाईच्या हिशोबाची, हे मी नंतर वाचलं. इतकी वर्षं टिकलेला हिशोब आपल्या आरा मशीनवर अजून चालतो, याची मला गंमत वाटते.)

खरी गोम पुढेच होती. त्या ओंडक्यातून सलग चौकोनी नग काढायचा तर तो जास्तीत जास्त २७ सेंटीमीटर जाडीचा निघतो, म्हणजे पावणेआठ घनफूट. साल, वाक, पोकळ गाभा यांची घट आणखी वेगळी. तेव्हा डेपोच्या भावात कटाई, गाडीभाडं आणि ही घट धरल्याशिवाय तो तुमच्या भावाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. तुमचा स्वतःचा माल विकायचा असूनही तुम्ही हे दोन्ही बाजूंनी मांडलंत, याचं मला जास्त वाटतं.

कापीव मालाचं तुमचं सूत्र आमच्या मिस्त्रींनी भिंतीवरच लिहून ठेवलंय: रुंदी इंच, जाडी इंच, लांबी फूट, गुणाकार करून १४४ ने भागायचं. चौकटीचा ५ बाय ३ चा ७ फुटी उभा नग पाऊण घनफुटाच्या जरा आत बसतो.

पुतण्यानं अमेरिकेतल्या टेबलाचा नकाशा पाठवलाय, त्यात लाकूड ६० बोर्ड फूट लिहिलंय. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट, म्हणजे ५ घनफूट, ०.१४ घनमीटर. एवढं मी घरीच काढलं. त्याला साग घ्यावा की बाभूळ चालेल, ते विचारायला बाजाराच्या दिवशी येतो.

आपला,
चौकटीवाला