येण्याआधी, पाळणाघरातल्या मुलांबद्दल

प्लेनो, टेक्सस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा मिळाला हे कळल्यापासून घरात तुमच्या येण्याचीच बोलणी चालली आहेत. एक विषय मात्र फोनवर अर्धवट राहतो, म्हणून लिहिते. तुम्ही याल तेव्हा सकाळपासून घरात पाच-सहा पोरं असतील, बहुतेक दीड ते तीन वर्षांची. इथे घरगुती पाळणाघरालाही राज्य सरकारचे नियम आहेत आणि घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांचीही तपासणी होते. बाबा, त्यात अपमान वाटून घेऊ नका, माझी आणि ह्यांचीही झाली आहे.

आई, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू बघितलंस, तेलुगू घरातला तो अडीच वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या दंडाला चावला. तू म्हणालीस, "त्यालाही एकदा चावून दाखव, परत नाही करणार." आपल्याकडे हे सर्रास सांगतात. टेक्ससच्या नियमांत मनाई केलेल्या शिक्षांमध्ये मुलाला चावणं स्पष्ट लिहिलेलं आहे. अंधाऱ्या खोलीत किंवा बाथरूममध्ये कोंडणंही त्यात आहे, आणि खाणं, झोप, शी-शू यांवरून शिक्षा करणंही. पण नियम नसता तरी मी ते केलं नसतं. या वयात पोरं चावतात ती बहुधा शब्द सापडत नाहीत म्हणून. "माझी गाडी दे" एवढं म्हणता आलं की चावणं बरंचसं आपोआप थांबतं.

मी काय करते ते सांगते. आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घेते, थंड फडकं लावते. चावणाऱ्याला एवढंच सांगते, "चावायचं नाही. त्याला दुखलं." मग त्याला खेळातून उठवून माझ्याशेजारी चटईवर बसवते. यालाच टाइम-आऊट म्हणतात. वयाच्या एका वर्षाला एक मिनिट, त्याहून जास्त नाही, हाही नियमच आहे. दोन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं, तीही माझ्या नजरेसमोर. वेळ संपली की विषय संपला. पुन्हा बोलणं नाही, जबरदस्तीने "सॉरी" म्हणायला लावणं नाही. दीड वर्षाच्या पोराला तर मी बसवतच नाही, नुसतं उचलून दुसऱ्या खेळाकडे नेते.

बाबा, तुम्ही विचारलंत, एवढ्याशा जिवाला दोन मिनिटांत काय कळणार? फारसं काही नाही. त्याला आधी शांत व्हायचं असतं. रडून लालबुंद झालेल्या मुलाच्या कानात उपदेश शिरतच नाही. शिवाय आरडाओरडा केला की सगळे आपल्याकडे बघतात, हे पोरांना फार लवकर उमगतं. ते बघणं थोडा वेळ थांबवायचं, एवढाच यामागचा विचार. मला तर वाटतं, टाइम-आऊटची वेळच येऊ नये यात खरं कसब आहे. भांडणं कधी होतात ते मी बघत असते. जेवणाआधी साडेअकराच्या सुमाराला आणि झोप आली असताना सगळ्यात जास्त. म्हणून जेवण थोडं अलीकडे घेतलं. जिच्यावरून ओढाताण व्हायची तसली आणखी एक गाडी आणली. खेळ आवरण्याआधी "आता दोन घसरगुंड्या, मग हात धुवायचे" असं सांगून ठेवते. चावण्याचे प्रकार खूप कमी झाले.

बाबा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली मारहाण बंद केली, तेव्हा तुमचे सहकारी काळजीत पडले होते, छडीशिवाय वर्ग आवरायचा कसा? तुमच्या वर्गात तर त्याच्या कितीतरी आधीपासून छडी नव्हती. खडू खाली ठेवून तुम्ही गप्प उभे राहायचात आणि सगळा वर्ग शांत व्हायचा. मी शिकले ते तिथूनच.

आई, एक विनंती आहे, ती तुला जड जाईल. कुणी चड्डी ओली केली तर "शेम शेम" नको. बागुलबुवा नको, पोलीसही नको. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मारण्याबरोबरच लाजवण्याविरुद्धही बजावलं आहे, आणि लाजवलेलं पोर पुढच्या वेळी लपून शू करतं हे मी स्वतः बघते. चटईवर बसवलेल्या मुलाला लगेच कडेवर घेऊ नकोस, मिनिटभर थांब. नंतर हवं तितकं घे. साडेअकराला मला तुझी मांडी आणि तुझी बडबडगीतं लागणारच आहेत. भाषा कळली नाही तरी पोरं टाळ्या वाजवतात.

बाबांच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. आल्या आल्या सगळ्या गोळ्या माझ्याकडे द्या, पोरांचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवीन.

तुमची लेक