मंत्रीसाहेब, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून एकदा टू-व्हीलरवर बसून जाऊन दाखवा

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. डाव्या हाताने टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. उजवा प्लास्टरमध्ये आहे. "गणपतीच्या आधी घोडबंदर रोडवर एक खड्डा दिसणार नाही" असं तुम्ही माईकवर बोललात, आणि गणपतीला चार दिवस असताना मी मखराचं सामान घेऊन येताना मानपाड्याच्या पुढे स्कूटीसकट आडवी झाले. खड्डा दिसला नाही हे मात्र खरं, त्यात पाणी होतं ना. मनगट दोन ठिकाणी मोडलं, मागून कंटेनर येत होता, त्याने ब्रेक मारला म्हणून हे पत्र तरी लिहितेय. यंदा मोदक शेजारणीकडून आले, मला साधी वेणी घालता येत नाही, अंघोळीला मुलगी लागते. असो.

हा रस्ता काय कालचा नाही साहेब. पोर्तुगीजांच्या काळात खाडीत अरबी घोडे उतरायचे त्यावरून घोडबंदर नाव पडलं म्हणतात, किल्ला अजून उभा आहे, १७३७ ला मराठ्यांनी साष्टी बेट घेतलं तेव्हा तोही आला. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे ही एवढीशी पट्टी. मी १९९८ ला लग्न होऊन वाघबीळला आले तेव्हा रात्री आठनंतर रिक्षावाला यायला नाही म्हणायचा, अंधार आणि बिबट्या. बिल्डरच्या कागदावर छापलेलं, स्टेशन २० मिनिटं. तेव्हा खरंच लागायची हो!

आता त्याच पट्टीत जेएनपीटी बंदरातून गुजरातला जाणारे ट्रेलर, शाळेच्या बसेस, अॅम्ब्युलन्स, मधोमध मेट्रोचे खांब, आणि सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घेणार म्हणून खणून ठेवलाय. चाळीस मजल्यांना परवानगी देताना कोणाच्या डोक्यात आलं नाही का की दुसरा रस्ताच नाहीये, खाली उतरलेला माणूस जाणार कुठून? मी रिक्षात बसून एका किलोमीटरमध्ये ६३ खड्डे मोजले, दोनचार इकडेतिकडे झाले असतील, पुढे मानच दुखायला लागली. आमच्या विंगमध्ये निम्म्या लोकांना कंबरेचा पट्टा आहे. तक्रार करायला गेलं की हे म्हणतात रस्ता त्यांचा, ते म्हणतात खांब ज्यांचे खड्डे त्यांचे, टॅक्सचं बिल मात्र बरोब्बर आमच्या दारात येतं, त्याला पत्ता कसा सापडतो? गायमुख घाटात तर दरवर्षी डांबर टाकतात, दरवर्षी वाहून जातं, आणि पुढच्या वर्षी परत टेंडर. कोणाचं तरी घर चालत असेल बाई, आमचं प्लास्टर चालतं.

मागणी एकच, खड्डा भरा. पेव्हर ब्लॉकचे तुकडे टाकून नाही, नीट.

आणि हो, मंगळवारी सकाळी अकराला स्टेशनजवळ प्लास्टर काढायला बोलावलंय. घरून किती वाजता निघू, तेवढं ऑफिसमधून कोणाला तरी कळवायला सांगा.

आपली,
वाघबीळची एक मतदार
(सही पण डाव्याच हाताची)