घाटाचे जुने फोटो द्या, बैलांची नावं सांगा

समस्त ग्रामस्थ, गाडामालक, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली मंडळी, सर्वांना यात्रा समिती व गावच्या वाचनालयाचा रामराम.

आपल्या घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, पळालेल्या बैलगाड्यांचे जुने फोटो आणि आठवणी गोळा करायला घेतल्या आहेत. फोटो घरोघरी आहेत, पण त्यातले बैल ओळखणारी माणसं कमी होत चालली. परवाच एक कृष्णधवल फोटो आला. चार बैल, पुढं घोडी, दोन्ही अंगाला फेटेवाल्यांची गर्दी. मागं फक्त 'पहिली बारी' (बारी म्हणजे गाड्याची एक धाव) एवढंच लिहिलेलं. गाडा कोणाचा, जुंपणीत कांड्याला कोणता बैल, जुकाटाला कोणता? तिघा म्हाताऱ्यांनी तीन घराण्यांची नावं सांगितली. वाद अजून चालू आहे!

फोटोसोबत यात्रेच्या छापील पत्रिका, बक्षिसाच्या ढाली, सेकंद टिपलेल्या वह्या, काहीही चालेल. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली आणि १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली. मधल्या काळातलेही फोटो हवेत : मोर्चांचे, गवत माजलेल्या घाटाचे, नाइलाजानं विकलेल्या बैलांचे. त्या वर्षांत वाढलेल्या पोरांनी शर्यतीतली 'भिर्रर्र'ची आरोळी ऐकली ती मोबाईलवरच.

काठी-चाबूक दिसणारे फोटो द्यायचे का, असं काहींनी विचारलं. जरूर द्या. आज त्याला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, पण म्हणून जुने फोटो कातरायचं कारण नाही.

आयाबहिणींना खास विनंती. फोटोत मालक मिशीला पीळ देऊन उभा असतो; पहाटे उठून बैलाला कणकेचे गोळे चारणारी बाई त्यात क्वचितच दिसते. तुमच्या आठवणी आम्हाला रेकॉर्ड करायच्या आहेत. बैल गेल्यावर घरात काय झालं, तेही सांगा.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट आणा. चिकटपट्टी लावू नका. मागं नावं लिहायची तर शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. फोटो तुमच्यासमोर स्कॅन करून तिथंच परत दिला जाईल. तुम्ही हो म्हणाल तेच फोटो चैत्रातल्या यात्रेत मंडपात लावू.

स्कॅनर, हार्ड डिस्क, माईक आणि फोटोंची पाकिटं यासाठी पैसा लागणार आहे. ऐपतीप्रमाणे द्या, शंभर रुपयांचीही पावती मिळेल. पावतीपुस्तक वेगळं ठेवलंय, यात्रेच्या वर्गणीत हा हिशोब मिसळणार नाही. जमाखर्च दर महिन्याला मारुती मंदिराच्या फळ्यावर लागेल. पैसे जमत नसतील, पण कॉम्प्युटर येत असेल, तर संध्याकाळचे दोन तास द्या. तशा पोरांची सध्या पैशापेक्षा जास्त गरज आहे.

दर रविवारी सकाळी वाचनालयात या. ज्यांना चालवत नाही त्यांनी नातवंडांकरवी नुसता निरोप धाडा, आम्ही घरी येऊ. बाहेरगावच्यांनी सणाला येताना अल्बम सोबत आणावा.

आपली,
यात्रा समिती व ग्राम वाचनालय