ओकिचोबीला जिंकलं कोण?

टँपा,
27 डिसेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "टेलर जिंकला, म्हणून तर पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला." तेव्हा मी गप्प बसलो, पण ते मनातून जाईना. परवा, लढाईच्या तारखेलाच, गाडी काढली आणि इथल्या फ्लोरिडातलं, ओकिचोबी तळ्याकाठचं ते रणांगण बघून आलो.

25 डिसेंबर 1837. अमेरिकी फौजेच्या कर्नल झॅकरी टेलरकडं आठशेच्या आसपास माणसं, समोर इथले मूळ रहिवासी सेमिनोल, त्याच्या निम्मे. सरकारला त्यांना पश्चिमेला हाकलायचं होतं, ते जायला तयार नव्हते. जागा त्यांनीच निवडलेली. पाठीशी तळं, पुढं अर्धा मैल दलदल. नेम धरता यावा म्हणून त्यांनी समोरचं गवत कापलं होतं, बंदूक टेकायला झाडांना खाचा पाडल्या होत्या. ते गवत सॉग्रास. वाटेत एका ठिकाणी उतरून मी एक पातं बोटांत धरून उलटं ओढलं, तर कातडी चिरली. असलं गवत छातीपर्यंत, खाली मांडीएवढा चिखल, घोडे बिनकामाचे. आणि टेलरनं माणसं सरळ समोरून घातली! पुढं मिझुरीचे स्वयंसेवक होते. त्यांचा कर्नल जेंट्री पडला. लढाई संपली तेव्हा सैन्याचे 26 ठार, 112 जखमी. सेमिनोलांची माणसं गेली जेमतेम डझनभर, बाकीचे निसटले. मैदान टेलरच्या हाती राहिलं म्हणून विजय त्याचा, आणि बढतीही.

अरे, पण त्यांना ते मैदान राखायचं होतंच कुठं? फौजेला झोडपायचं आणि दलदलीत नाहीसं व्हायचं, हाच त्यांचा गनिमी कावा.

त्याच ऑक्टोबरात पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला आलेल्या ऑसिओला या सेमिनोल पुढाऱ्याला अमेरिकी जनरल जेसपच्या हुकमानं पकडलं. 30 जानेवारी 1838 ला तो कैदेतच वारला. हे वाचताना मला फार संताप येतो, सुधीर. दगा तो दगाच, तो विजयात कसा धरायचा?

1842 च्या ऑगस्टात कर्नल वर्थनं युद्ध संपल्याचं जाहीर केलं. सेमिनोलांशी तह झालाच नाही. तोवर सुमारे दीड हजार सैनिक मेले होते, बहुतेक तापानं आणि हगवणीनं. 1855 ला पुन्हा भडका उडाला. 1858 ला सेमिनोलांचा पुढारी बिली बोलेग्ज आपली माणसं घेऊन पश्चिमेला गेला आणि पुन्हा तीच घोषणा झाली. त्यांचाच दुसरा पुढारी, म्हातारा अबियाका मात्र गेला नाही. ओकिचोबीला लढलेला हा माणूस शेवटपर्यंत फ्लोरिडातच राहिला.

सेमिनोल जिंकले असंही मी म्हणणार नाही. तीन हजारांहून जास्त माणसं आजच्या ओक्लाहोमात हाकलली गेली, ते कसं विसरायचं? पण मागं राहिलेल्या काही शेकड्यांचे वंशज आजही इथं आहेत आणि स्वतःला अजिंक्य म्हणवतात. मला ते पटतं.

पुढच्या हिवाळ्यात ये. बिग सायप्रसला त्यांच्याच वस्तीत त्यांनी उभारलेलं संग्रहालय आहे, आपण दोघं जाऊ. डास कमी असतात तेव्हा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश