तुझ्या पेन्सिलीच्या खुणा

प्रिय चिऊ,

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मीही हट्टाला पेटलो. पण काल रात्री ३ वाजता तू ऑनलाइन दिसलीस आणि राहवेना. झोपेबद्दल अक्षर काढायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

आजीच्या शेवटच्या रात्री मी तुला उठवलंच नाही, असं तू म्हणतेस. मला मात्र तू दारात दिसतेस, माझं बोट धरलेली, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. इतकं लख्ख दिसतं, म्हणूनच 'खोटं बोलू नकोस' असं तोंडून गेलं. चुकलं माझं.

तू विसरून गेलेलं पुस्तक काल चाळलं. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगापाशी तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग वेग विचारताना काहींना म्हटलं गाड्या 'धडकल्या', काहींना म्हटलं 'जोरात आदळल्या'. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. समासात तू लिहिलंयस, 'बाबांना सांगायचं'.

ते वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. ती चप्पल मी आत्याला, दादाला किती वेळा सांगितली असेल! प्रत्येक वेळी आठवण बाहेर काढायची, पुन्हा आत ठेवायची, त्यात तिला हात लागतोच. चप्पल त्या रात्रीची की माझ्याच सांगण्यातली, आता मला सांगता येत नाही. अर्थात तूही तेव्हा पाच वर्षांची होतीस, तेव्हा तुझंही तसंच... जाऊ दे. पुन्हा वाद नको.

समुपदेशनाला तुझ्यापुढे अनोळखी माणसं मन मोकळं करतात, हे मी भेटेल त्याला सांगत सुटतो. पण तिथून खोलीवर आल्यावर तुझं कोण ऐकतं? दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे तूच मला सांगितलंस ना? मग रात्रभर जागून काय साधतेस? निदान एक वेळ ठरवून दिवा...

बघ, सुरू झालो. माफ कर.

खरं कारण सांगतो. आजीचंही झोपेपासूनच सुरू झालं होतं. पहाटे उठून बघावं, तर ती अंधारात उशीचा अभ्रा काढायची, घालायची, पुन्हा काढायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. त्याला नैराश्य म्हणतात, त्यावर उपचार असतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत दोन वर्षं गेली होती. झोप उडालेला प्रत्येक माणूस आजारी नसतो, कळतं मला. पण ३ वाजता तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसला, की मला तो अभ्रा दिसतो.

रविवारी फोन कर. त्या रात्रीचं तुला जसं आठवतं तसं सगळं सांग, मी मध्ये बोलणार नाही. सकाळी कर मात्र. रात्री नको.

तुझा,
बाबा