गोंदणातला अनुस्वार

जालना

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कपड्यांच्या ब्रँडच्या व्हिजिटिंग कार्डाचा नमुना परवा रात्री मोबाईलवर पाहिला आणि काल सकाळी छपाईचे दुकान उघडल्याबरोबर त्याची खऱ्या मापात एक प्रत काढून टेबलावर ठेवली, कारण पडद्यावर बोटांनी मोठे करून पाहिलेले कार्ड आणि हातात घेतलेले ९० बाय ५४ मिलिमीटरचे कार्ड या दोन वेगळ्या वस्तू असतात. फोनवर मी "लिहून कळवतो" एवढेच म्हणालो, त्याचे तुला वाईट वाटले असेल. नमुना मनापासून केला आहेस हे दिसते, पण तो आहे तसा छापू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगितल्याशिवाय तुला ते पटणार नाही.

काळ्याभोर जमिनीवर सोनेरी रेघांची दाट नक्षी आणि त्या नक्षीच्या पोटात ब्रँडचे नाव, अशी तुझी मांडणी आहे. पूर्ण काळे कार्ड कापले की कडेला कागदाचा पांढरा गाभा दिसतो, चार दिवस पाकिटात राहिले की कोपरे उजळतात आणि मॅट लॅमिनेशनवर प्रत्येक बोटाचा ठसा उमटतो. हे एक वेळ चालवून घेता येईल. रेघांचे मात्र चालणार नाही. काळ्यातून कोरून काढलेली बारीक रेघ छापताना शाईने भरून येते, कारण शाईचा प्रत्येक ठिपका कागदावर थोडा पसरतोच. आमच्या धंद्यात याला डॉट गेन म्हणतात. तू कपड्यांसाठी टॅटू काढणाऱ्यांचा अभ्यास केला आहेस, तेव्हा त्वचेखालची शाईही वर्षानुवर्षे अशीच हळूहळू पसरते आणि म्हणून जाणता कारागीर दोन रेघांमध्ये मोकळी जागा राखतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. मग कार्डावर ती जागा का राखली नाहीस?

काल दुपारी आजी डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मी तिचा उजवा हात खिडकीच्या उजेडात धरून पहिल्यांदाच नीट पाहिला. आयुष्यभर त्या हातची भाकरी खाल्ली, पण गोंदण असे निरखून पाहिले नव्हते. कोपराखालच्या तुळशीवृंदावनाच्या रेघा आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत आणि पायऱ्या किती होत्या ते तिलाही आठवत नाही. मनगटावरचे पाच ठिपके मात्र पसरूनही पाचच राहिले आहेत, कारण गोंदणाऱ्या बाईने त्यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर सोडले होते. लग्नाआधी जत्रेत गोंदून घेतलेले ते ठिपके आज साठ वर्षांनंतरही मोजता येतात.

त्यांचा रंगही काळा नाही. गोंदायची काजळी काळीच असते, पण ती त्वचेच्या वरच्या थराखाली बसते आणि त्या थरातून आरपार येताना प्रकाश विखुरतो, म्हणून आपल्याला ती निळसर, हिरवट दिसते. मी काचेवर काळी शाई घेतली, तीत सुरीच्या टोकावर मावेल एवढी निळी आणि त्याहून कमी हिरवी घोटली, बोटाने तीन चिठ्ठ्यांवर लावली आणि एकेक चिठ्ठी आजीच्या मनगटाशी धरून पाहिली. पहिल्या दोन फार निळ्या पडल्या. तिसरी ओली असताना काळी वाटत होती, पण आज सकाळी वाळून उतरल्यावर हुबेहूब त्या ठिपक्यांसारखी दिसते. ती चिठ्ठी या पत्रासोबत पाठवत आहे. हा रंग चार रंगांच्या छपाईत जुळवत बसू नकोस, मी तो वेगळी शाई म्हणून स्वतः घोटून देईन.

आता माझी सूचना सांगतो. नावाखाली तू रोमन लिपीत जी लांबलचक ओळ दिली आहेस, तिच्या जागी "गोंदणावरून घडवलेले कपडे" एवढेच देवनागरीत लिही. तुझे निम्मे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असले तरी ही ओळ त्यांना वाचता येते, आणि ज्यांना येणार नाही ते विचारतील, मग तुला बोलायला निमित्त मिळेल. या ओळीतल्या "गों" वरचा अनुस्वार पाहा. लहान टायपात तो ओकाराच्या मात्रेला चिकटतो आणि लग्नपत्रिका छापताना ही कटकट मी कित्येक वर्षे सोसली आहे. येथे मात्र तोच अनुस्वार मात्रेपासून मोकळा करून थोडा मोठा घ्यावा, बाकीची अक्षरे साध्या काळ्या शाईत छापावीत आणि तो एकच ठिपका आजीच्या हाताच्या रंगात, ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर ब्लॉक म्हणजे ठसा लावून, दाब देऊन उमटवावा. गोंदण त्वचेत रुतलेले असते, तसा हा ठिपका कागदात रुतेल आणि कार्ड घेणाऱ्याच्या अंगठ्याला जाणवेल. दुसरी कोणतीही नक्षी नको. कवट्या आणि गुलाब तुझ्या कपड्यांवर शोभतात, तेथे त्यांना ऐसपैस जागा आहे.

ट्रेडलवर आता फक्त नंबरिंग आणि क्रीजिंगची, म्हणजे आकडे छापण्याची आणि घडीची रेघ पाडण्याची कामे होतात, पण मशीन ठणठणीत आहे. दाब उठून दिसायला कागद जाड आणि मऊ हवा. गुळगुळीत आर्ट कार्डावर ठसा रुतत नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो, तेथे हातकागद बनतो आणि मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली त्या काळापासून हे काम तेथे चालत आले आहे, असे मानले जाते. मी रविवारी तेथे जाऊन जाड कागदाचे दोन-तीन नमुने आणतो. या कागदाची जाडी तावा-तावाला थोडी बदलते, डिजिटल मशीन तो नीट ओढत नाही आणि त्यावर शाई जास्त पसरते, म्हणून अक्षरे नऊ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नकोस आणि फार बारीक रेघांचा टाइप निवडू नकोस.

मागच्या बाजूला तू लक्ष्मीची पावले घेतली आहेस, ती काढून टाक. पत्रिकेवरचा गणपती कार्य उरकल्यावर कुठे कुठे पडलेला असतो, हे मी पाहिले आहे आणि दर वेळी जिवाला लागले आहे. कार्ड खाली पडते, पायाखाली येते. त्या जागी तुझा फोन नंबर, इन्स्टाग्रामचे नाव आणि क्यूआर कोड एवढे पुरे. कोड सोनेरी नको, पांढऱ्यावर काळाच हवा, बाजूने किमान दोन सेंटीमीटरचा आणि भोवती कोरी जागा सोडलेला. हातकागदावर तो वाचला जातो की नाही, हे मी तीन-चार वेगवेगळ्या मोबाईलवर तपासून घेईन. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत "पाच ठिपके आजीच्या मनगटावरून" असेही लिहावे, असे मला फार वाटते. तुझ्या पहिल्या कुर्त्याच्या बाहीवर तेच पाच ठिपके आहेत. ते कोणाचे आहेत, हे विकत घेणाऱ्याला कळायला हवे.

फोन नंबर मात्र मला टाइप करून पाठवू नकोस, स्वतःच्या हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव आणि नंतर फोनवर उलट्या क्रमाने वाचून दाखव. तू शाळेत होतीस तेव्हा एका डॉक्टरांची हजार कार्डे एक आकडा चुकल्यामुळे मला पदरमोड करून पुन्हा छापावी लागली होती. मुद्रित मीच तपासले होते. सरळ वाचताना डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

फाइल करताना चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड) सोड, म्हणजे ९६ बाय ६० होईल, आणि अनुस्वाराचा ठिपका वेगळ्या लेयरवर ठेव, म्हणजे ब्लॉक करायला सोपे जाईल. प्रदर्शनाला अजून तीन आठवडे आहेत. ट्रेडलवर पाचशे कार्डांना मला दोन दिवस लागतील आणि शाई वाळायला आणखी दोन. प्रूफ एसटीच्या पार्सलने पाठवतो, ते अंगठ्याने चाचपून पाहा आणि ठिपका लागत नसेल तर तसे सांग, दाब वाढवता येईल.

आजी विचारत होती की तिचा हात कार्डावर दिसणार का. मी हो म्हणून सांगितले आहे.

तुझे,
बाबा