वाढदिवसाच्या यादीतून तेवढा वॉकर काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या वाढदिवसाला बाळाला काय द्यावं अशी यादी आली होती, त्यात वरच्याच नंबरला वॉकर, तोही गाणी वाजणारा, फोटोसकट. बाकी यादी छान होती, ठोकळे, कापडी पुस्तकं वगैरे, पण वॉकर वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवते, एक ते तीन वर्षांची पोरं दिवसभर माझ्याकडे असतात, त्यामुळे चालायला लागणारी मुलं हा माझा रोजचाच विषय आहे.

वॉकर लोक का घेतात ते कळतं मला. संध्याकाळी कुकर लावायच्या वेळेला बाळ त्यात बसवलं की आईचे दोन्ही हात मोकळे, बाळ खूश, घरभर गरागरा फिरतंय, आजोबा म्हणतात बघा कसं चालतंय. अहो ते चालत नसतंच. सगळा भार सीटवर आणि खाली चवड्यांनी फरशी ढकलणं चालू. तोल सावरायची वेळच येत नाही, समोर ट्रे असल्यामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि पडायला आलं की पटकन बसकण कशी मारायची हे जे प्रत्येक मूल आपलं आपण शिकतं ते तर राहूनच जातं. वॉकरने लवकर चालतं हा निव्वळ गैरसमज आहे, उलट थोडा उशीर होऊ शकतो असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षं सांगतेय, त्यांची तर मागणीच आहे की चाकांचे वॉकर बनवणं आणि विकणं बंद करा.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. वॉकरमधलं मूल एका सेकंदात तीन फुटांपेक्षा जास्त जातं, आता तुमच्या वन बीएचकेत हॉलपासून ओट्यापर्यंत किती फूट आहेत मोजा आणि तुम्ही हातातला मोबाईल ठेवून उठेपर्यंत ते कुठे पोचेल ते बघा. टीपॉयवरचा चहा, इस्त्रीची लोंबणारी वायर, बाथरूममधली भरलेली बादली, सगळं हाताशी येतं. १९९० ते २०१४ या काळात अमेरिकेत वॉकरमुळे लागलं म्हणून इमर्जन्सीत न्यावी लागलेली सव्वा वर्षाच्या आतली मुलं अंदाजे २ लाख ३० हजार होती आणि त्यातली दर चारातली जवळजवळ तीन जिन्यावरून खाली गेलेली. कॅनडाने २००४ सालीच विक्री, आयात, जाहिरात सगळं बंद केलं, वापरलेला वॉकर दुसऱ्याला विकायचीही परवानगी नाही तिथे. आणि आपण तो रिबन बांधून देतोय.

पण खरं सांगू का, वॉकर घरात येतो तो घाईमुळे येतो. संध्याकाळी लोकलमधून उतरून आया घ्यायला येतात, चप्पल काढायच्या आधी पहिला प्रश्न, काकू आज चालला का? त्यांचाही दोष नाही, रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारणार असतात, सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी दहा महिन्यांच्या मुलीचा दुडूदुडू चालण्याचा व्हिडिओ आलेला असतो, मग आपलं तेरा महिन्यांचं नुसतं रांगतंय याचं टेन्शन. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांना बघून २००६ साली जे छापलं त्यात आधाराशिवाय चालायचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा दिलाय. पाच देशांत आपलाही होता, दिल्लीची मुलं होती, म्हणजे हे गोऱ्या मुलांचं माप आहे असं म्हणायची सोय नाही. आठव्या महिन्यात पाऊल टाकणारं आणि सतराव्यात टाकणारं, दोघंही नॉर्मल! शंभरातली चारएक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत असंही त्यात निघालं.

तशी एक सध्या माझ्याकडे आहे. बाईसाहेब रांगतच नाहीत, एक पाय मुडपून बुडावर बसायचं, एक हात जमिनीला टेकायचा आणि सर्र सर्र सरकत जायचं, दुसऱ्या हातात बिस्कीट तसंच. सरकणारी मुलं बऱ्याचदा उशिरा उभी राहतात, डॉक्टरांनी बघून तसं सांगितलंही, तरी हिच्या घरी दोन्हीकडचे आजी-आजोबा हैराण. परवा ती माझा प्लास्टिकचा स्टूल धरून उठली, स्टूल फरशीवर सरकला, तिला कळलं हा सरकतो, मग तिने तो मुद्दाम ढकलला, एक पाऊल, थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि धप्पकन खाली बसली. मग उचलून घ्या म्हणून हात वर. मी नाही घेतलं उचलून, स्टूल परत जवळ सरकवला. आता सारखं तेच चालतं, बाकीच्यांना त्या स्टूलाला हात लावू देत नाही.

एवढंच लागतं हो. मोकळी जमीन, धरायला दिवाण किंवा जड खुर्ची, आणि थोडं लांब ठेवलेलं हवंसं काहीतरी, माझ्याकडे खेळण्यापेक्षा लाटणं जास्त चालतं. पाय उघडे ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घातले की घसरलंच म्हणून समजा, आणि ते चूंचूं वाजणारे बूट मोठ्यांच्या करमणुकीसाठी आहेत, घरात तरी नकोत. जुना लाकडी पांगुळगाडा मला चालतो, कारण त्यात मूल मागे उभं राहतं, भार स्वतःच्या पायावर असतो, पण टाइल्सवर तो सुसाट पळतो म्हणून जाजम घाला खाली आणि जवळ बसा. आणि एक विनंती बाबांना आणि मामांना, दोन्ही हात वर धरून मुलाला चालवत नेऊ नका, तोल तुम्ही सांभाळता मग ते काय शिकणार. एका हाताला धरून उचलणं किंवा हिसका देणं तर अजिबात नको, या वयात कोपराचं हाड पटकन सरकतं, मूल तो हात हलवतच नाही आणि रात्री धावपळ. कमरेला आधार द्या नाहीतर समोर दोन हात पसरून बसा.

पडण्याचा बाऊ करू नका. न्यूयॉर्कमध्ये काही संशोधकांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची खेळताना पावलं मोजली, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं, तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला १७! आपण प्रत्येक वेळी अगं बाई करून धावलो तर ते पडल्यामुळे नाही, आपल्या चेहऱ्यामुळे भोकाड पसरतं. टीपॉयच्या कडा झाका, जिन्याला फाटक लावा, बाकी पडू द्या.

आता दुसरी बाजू, कारण तिचाही मला तितकाच राग येतो. आमच्याकडे सगळे उशिराच चालले, याचा बाबा दोन वर्षांनी चालला, असं सांगून डॉक्टरकडे जायचं टाळणारी घरंही बघते मी. दीड वर्ष झालं आणि मूल एकटं चालत नाही तर दाखवायचंच, वाट बघायची नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या मुलाचे तेवढे आठवडे वजा करून वय धरतात, दोन महिने आधी झालं असेल तर तेही डॉक्टर हिशोबात घेतात. पण काही गोष्टींना दीड वर्षापर्यंतही थांबू नये. एकच हात किंवा एकच पाय वापरतंय, पाय काठीसारखे ताठ आहेत, नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही, किंवा आधी करत होतं ते करायचं बंद झालं, तर लगेच. पाय थोडे बाकदार किंवा तळवे सपाट दिसतात म्हणून मात्र घाबरू नका, या वयात बहुतेकांचे तसेच असतात. पैशांची अडचण असेल तर २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यांची टीम अंगणवाडीत येऊन मुलं तपासते आणि गरज असली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते, फुकट. ही केंद्रं बऱ्याच ठिकाणी जिल्हा रुग्णालयातच असतात पण माझ्याकडच्या एकाही आईला त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यावर छापा की अर्धं पान.

आणि पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा वॉकरच्या जागी मोठी जाड सतरंजी टाका, दोनच ओळी लागतील. ज्यांच्या घरात वॉकर आधीच आहे त्यांनी तो भाचीला, शेजारणीला, कामवाल्या मावशींना देऊ नका. चाकं काढा आणि मगच भंगारात द्या.

आपली,
पाळणाघरवाल्या काकू,
डोंबिवली (पूर्व)